तीन शाखा, विमा एकच



मुंबईत बँक अडचणीत आली की दुर्ग-भिलाईच्या मराठी घरांत फोन खणखणू लागतात. कुणाचा साडू मुलुंडला, कुणाची लेक ठाण्याला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध घातले आणि सहा महिन्यांत खात्यातून फक्त हजार रुपये काढता येतील, असं सांगितलं. आमच्या ओळखीत कुणाचंच त्या बँकेत खातं नव्हतं. तरी इथले निवृत्त लोक धास्तावले. त्याला कारणही होतं. रायपूरची इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँक २००६ साली बुडाली, ते इकडे कुणी विसरलेलं नाही.

अशा वेळी ठेवीदारालाच ऐकवलं जातं, “आधी नीट चौकशी करायला काय झालं होतं?” मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. पीएमसीनं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलं होतं आणि ते खोट्या खात्यांच्या आड दडवलं होतं. जे हिशेबतपासणीत बाहेर आलं नाही, ते पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजीला कसं दिसावं?

ठेवीदाराच्या हातात असतं ते एकच: विमा कुठवर आहे, हे माहीत करून घेणं. आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये कोसळल्या, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा महामंडळामार्फत ठेवींचा विमा सुरू झाला. मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं अडून बसली. पीएमसीचा बोभाटा झाल्यावर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ती पाच लाख झाली. हप्ता बँक भरते, आपण नाही.

आमचे एक शेजारी भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. एकदा त्यांनी कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढून एफडीच्या पावत्या माझ्यासमोर मांडल्या. बँक एकच, शाखा तीन: दुर्ग, सुपेला आणि सेक्टर सहा. तीन शाखा म्हणजे तीन विमे, असा त्यांचा हिशेब. तसं नसतं. एका बँकेतल्या एकाच्या नावावरच्या सगळ्या ठेवी, बचत खातं धरून, व्याजासकट एकत्र मोजतात आणि त्यावर पाच लाखच मिळतात. नवरा-बायकोचं संयुक्त खातं मात्र वेगळं धरतात. बँकच वेगळी असेल तर विमाही वेगळा. त्यांनी पावत्या पुन्हा पिशवीत भरल्या आणि मुदत संपेल तशी एकेक रक्कम दुसरीकडे हलवायचं ठरवलं. मुदतीआधी मोडून व्याज घालवू नका, एवढं मी सुचवलं.

विमा असला तरी पैसा अडकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला खरा घोर त्याचाच. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरची रक्कम वर्षावर्षानं, टप्प्याटप्प्यानं द्यायचं ठरलं; मोठ्या ठेवीतलं शेवटचं देणं दहा वर्षांनी. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षं थांबायला सांगणं ही क्रूर थट्टाच आहे. ठेव विमा कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीमुळे आता बँकेवर निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांत मिळते, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण ग्रॅच्युइटीची करमुक्त मर्यादाच वीस लाख असताना ठेवीचा विमा पाच लाखांवर का थांबावा, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पतसंस्थांचं दुखणं निराळंच. एक-दोन टक्के जास्त व्याज, ओळखीचा माणूस घरी येऊन पैसे नेणार, पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, आणि तिथल्या ठेवीला हा विमा लागूच होत नाही. पोस्टातल्या ठेवीला मात्र सरकारची हमी असते. व्याज थोडं कमी वाटलं तरी चालेल.

तेव्हा श्रोतेहो, पुढची एफडी करण्याआधी काउंटरवर विचारा: “ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे का?” उत्तर लेखी मागा. कुणी टाळाटाळ केली, तर पैसे तिथे ठेवू नका.