वर्गणीचा रेडिओ



या मांडवाच्या दाराशी तिकीट नाही. रस्त्याने जाणारा माणूस दोन घटका थांबून ऐकतो, न आवडल्यास पुढे जातो. तो कोण, कुठला, हे कोणी टिपून ठेवीत नाही. नभोवाणीचेही असेच आहे. परंतु या शतकाच्या आरंभी आपल्या देशात एक असा रेडिओ येऊन गेला, की ज्याच्या दाराशी तिकीट होते. तो आला, रसिकांच्या घरांत रुळला, आणि 31 डिसेंबर 2009 रोजी मुका झाला. जुना रेडिओ सोडून या वर्गणीच्या रेडिओकडे जे वळले त्यांना काय मिळाले आणि त्यांच्या हातून काय सुटले, हा आजचा विषय आहे. घिवलीच्या किनाऱ्यावर हा शहरी विषय कशाला, असे कोणाला वाटेल. आमचे म्हणणे असे, की तो मुंबईच्या दिवाणखान्यापेक्षा इथेच अधिक बोलला पाहिजे.

आरंभी एक गैरसमज दूर करू. रेडिओ पूर्वीपासून फुकट होता, ही समजूत खरी नाही. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले ते एका खाजगी कंपनीचे होते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी हे तिचे नाव. घरात यंत्र ठेवणाऱ्याने वर्षाला दहा रुपये देऊन परवाना घ्यावयाचा आणि त्यांतले आठ रुपये कंपनीला मिळावयाचे, अशी व्यवस्था होती. परवाने घेणारे थोडे, चोरून ऐकणारे पुष्कळ. तीन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, 1930 च्या मार्चमध्ये, कंपनीचे दिवाळे वाजले. सरकारने केंद्रे आपल्याकडे घेतली. पुढल्याच वर्षी सरकारलाही तो खर्च जड झाला व त्याने ती बंद करण्याचे ठरविले. तेव्हा ऐकणाऱ्यांनी आणि यंत्रे विकणाऱ्यांनी अशी ओरड केली, की निर्णय मागे घ्यावा लागला. ती ओरड झाली नसती तर पुढली आकाशवाणी कुठली आली असती?

1933 च्या कायद्याने परवान्यावाचून यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरला. इथे बसलेल्यांपैकी जे साठी ओलांडून पुढे गेले आहेत त्यांना पोस्टात जाऊन परवान्याच्या पुस्तकावर तिकिटे चिकटवून घेतल्याचे आठवत असेल. ही पद्धत 1980 च्या दशकापर्यंत चालली. तेव्हा रेडिओला पैसा लागतो, आणि ऐकणाऱ्याने तो द्यावा, यात नवे काहीच नाही. वर्गणीच्या रेडिओला नावे ठेवणारे पुष्कळदा इथेच चुकतात. पैसे मागितले म्हणून तो वाईट ठरत नाही.

फरक आहे तो त्या पैशाने काय होत असे यात. परवान्याचे पैसे भरणारा माणूस स्वतःपुरते ऐकणे विकत घेत नसे. त्याच्या पैशाने प्रक्षेपक चाले, आणि प्रक्षेपकातून निघालेली लहर भरणाऱ्याच्या घरात शिरे तशीच न भरणाऱ्याच्याही. हॉटेलातला रेडिओ बाहेरच्या बाकावरचा हमाल ऐके. एका खोलीतली ‘कामगारसभा’ चाळीच्या चार खोल्यांत ऐकू जाई. 1956 साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे काढली, तेव्हा वीस माणसे एका यंत्राभोवती बसत, ऐकत, आणि मग आपसांत वाद घालीत. यंत्र एक, कान चाळीस. हे त्या व्यवस्थेचे सामर्थ्य होते.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. आकाशवाणी ही सरकारची वाणी होती. कोणी काय ऐकावे हे ती ठरवी. 1952 च्या सुमारास नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे सिनेमाची गाणी तिच्यावरून जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा लोकांनी सुई फिरवून सिलोन लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत गेला. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. ऐकणाऱ्याच्या हातात सुई असणे हेही काही थोडे नव्हे, एवढे यातून दिसते. अभिजात संगीताच्या रसिकाचे मात्र सुई फिरवूनही भागत नसे. त्याने शनिवारची रात्र होईपर्यंत संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाची वाट पाहावी, आणि नेमक्या त्याच वेळी खरखर सुरू व्हावी! शहरांत खाजगी एफ.एम. केंद्रे निघाली तेव्हाही या रसिकाला कोणी विचारले नाही. तिथे जाहिराती आणि नवी गाणी यांचाच बाजार होता.

ही उणीव भरून काढणारे यंत्र आकाशातून आले. नोआ समारा नावाच्या, इथिओपियात जन्मलेल्या एका गृहस्थाने 1990 साली अमेरिकेत वर्ल्डस्पेस ही कंपनी स्थापन केली. आफ्रिकेतल्या खेड्यांत एड्सची साधी माहिती पोचत नाही, ती उपग्रहावरून पोचवावी, अशी त्याची मूळ कल्पना होती. पहिला उपग्रह, आफ्रिस्टार, 1998 च्या ऑक्टोबरात गेला. दुसरा, एशियास्टार, 21 मार्च 2000 रोजी. हा दुसरा 105 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर जाऊन राहिला. इतक्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा असतो. आपल्या किनाऱ्यावरून तो आग्नेयेच्या आकाशात, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर पडे. म्हणजे घिवलीत हा संच लावावयाचा तर त्याची तळहाताएवढी चपटी अँटेना समुद्राकडे पाठ करून, बोईसरच्या अंगाच्या खिडकीत ठेवावी लागणार. मध्ये भिंत नको, दाट झाड नको.

आरंभी हा रेडिओ बराचसा उघडा होता. पण नुसत्या जाहिरातींवर उपग्रहाचा खर्च निघेना. ज्या गरिबांसाठी तो उभारला त्यांना संचाची किंमतच परवडेना. मग कंपनीने वर्गणीचा मार्ग धरला आणि तिचे बहुतेक वर्गणीदार भारतात मिळाले. आफ्रिकेतल्या खेड्यासाठी योजिलेले यंत्र बंगलोरच्या आणि पुण्याच्या रसिकांच्या बैठकीत येऊन बसले. कल्पना एकीकडे निघते आणि हिशेब तिला दुसरीकडे नेतो, याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या संचाने दिले ते मात्र अस्सल होते. ‘गंधर्व’ नावाच्या वाहिनीवर आठही प्रहर हिंदुस्थानी संगीत, ‘श्रुती’वर कर्नाटक संगीत, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी, आणि ‘सुरभी’ ही खास मराठीची वाहिनी. खरखर नाही आणि गाण्याच्या मधोमध साबणाची जाहिरात नाही. पहाटे उठावे तो भैरव, संध्याकाळी यावे तो मारवा. ज्याने आयुष्यभर शनिवारच्या रात्रीची वाट पाहिली त्याला हे स्वर्गसुख वाटले, यात नवल नाही. त्याने वर्गणी भरली ती चैन म्हणून नव्हे. इतकी वर्षे कोणी न पुरविलेली त्याची भूक होती ती. त्या माणसाला हसणाऱ्यांत आम्ही नाही.

पण कुलूप कसे होते तेही पाहा. लहर सर्वत्र पडे, पण ती सांकेतिक केलेली असे. प्रत्येक संचाला आपला क्रमांक होता. वर्गणी पोचली की त्या क्रमांकाच्या संचाचे कुलूप उघडण्याची आज्ञा आकाशातून येई. वर्गणी सरली की तेवढाच संच बंद होई. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचा पत्ता ठाऊक झाला. श्रोत्याचा ग्राहक झाला तो इथे. आणि ग्राहकाचा शेजारी? त्याला उघड्या खिडकीतून काही सूर ऐकू आले असतील तेवढेच.

अमेरिकेत याच जातीचा रेडिओ तगला. तिथे एक्सएम 2001 साली आणि सिरियस त्यापाठोपाठ निघाली, 2008 साली दोन्ही एक झाल्या. तिथे संच मोटारीतच बसवून येत, आणि उंच इमारतींच्या सावलीत लहर तुटू नये म्हणून शहरांतून जमिनीवरही प्रक्षेपक उभे केले होते. आपल्याकडे तसे प्रक्षेपक उभारण्याची परवानगी कंपनीला मिळाली नाही. उपग्रह रेडिओविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2005 साली शिफारशी केल्या, परंतु धोरण काही निघाले नाही. खिडकीत बांधलेला रेडिओ मोटारीत जाऊ शकला नाही. 2008 च्या ऑक्टोबरात कंपनीने अमेरिकेतल्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस भारतातली सेवा थांबली. ज्यांची मुदत शिल्लक होती त्यांचेही संच त्याच दिवशी बंद पडले.

1930 साली दिवाळे निघाले आणि 2008 सालीही निघाले. पहिल्या वेळी केंद्रे वाचली, कारण जे बुडत होते ते सगळ्यांच्या ऐकण्यातले होते आणि म्हणून ओरड करायला माणसे होती. दुसऱ्या वेळी हळहळले ते केवळ ज्याचे त्याचे वर्गणीदार. शेजारच्या घराला काही संपल्याची वार्ताही लागली नाही.

आता समुद्राकडे वळू. 2009 च्याच नोव्हेंबरात, 11 तारखेला, ‘फयान’ वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतल्या अनेक बोटी त्यात सापडल्या, माणसे गेली. अशा वेळी ‘गंधर्व’ वाहिनी काय सांगणार? तिची लहर अर्ध्या आशियावर एकदम पडे. तिला घिवलीची, नवापूरची, मुरब्याची भरती-ओहोटी माहीत असण्याचे कारण नव्हते. हा काही तिचा दोष नव्हे, तिचे ते कामच नव्हते. ते काम बंदरावरच्या बावट्याचे आणि मध्यमलहरीवरच्या मुंबई केंद्राचे. तीन नंबरचा बावटा चढला की तो सातपाटीच्या तांडेलाला दिसतो तसाच कालच बोटीवर चढलेल्या खलाशाच्या पोरालाही दिसतो. बावटा पाहण्याची वर्गणी भरली काय, असे कोणी विचारीत नाही. आणि मध्यमलहरीचा एक गुण आमच्या शहरी मित्रांना सहसा माहीत नसतो: खाऱ्या पाण्यावरून ती कोरड्या जमिनीपेक्षा पुष्कळ लांब जाते. मोबाइलची रेंज संपते तिथेही दोन सेलांवर चालणारा साधा रेडिओ बोलत राहतो. आपल्या एका बाजूला तारापूरचे अणुशक्ती केंद्र आहे, दुसऱ्या बाजूला बोईसरचे रासायनिक कारखाने. पाण्यावर असो की जमिनीवर, सर्वांना एकाच क्षणी ऐकू जाईल असा आवाज आपल्याला इतरांहून अधिक लागतो.

उपग्रहाचे आम्हांला वावडे आहे असे मात्र समजू नका. 2019 च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने कोळी बांधवांसाठी ‘जेमिनी’ नावाचे एक उपकरण आणले. वादळाचा इशारा आणि मासळी कुठे मिळेल याची माहिती उपग्रहावरून त्या डबीत येते व तिथून मोबाइलवर दिसते. किनाऱ्यापासून कितीही दूर असले तरी. पुढे 30 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या पालघरातच, ज्या सभेत वाढवण बंदराची पायाभरणी झाली त्याच सभेत, तेरा किनारी राज्यांतल्या व केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविण्याच्या योजनेचाही आरंभ झाला. (त्या बंदराविषयी पुष्कळ बोलता येईल, तो आजचा विषय नव्हे.) उपग्रह तोच, पण ज्याच्या नावाने वर्गणी जमा आहे त्याच्यापुरते इथे कुलूप उघडत नाही, इशारा द्यावयाचा तो सर्व बोटींना. तेव्हा वाद यंत्राशी नाही, तिकिटाशीही नाही. ज्या गोष्टी विकत घ्याव्या त्या खुशाल घ्याव्या. गाणे वर्गणीने ऐका. आज मोबाइलवर तेच चालले आहे, फक्त उपग्रहाच्या जागी डेटा आला.

आमची भीती दुसरीच आहे. ज्यांची सोय होते ते बाहेर पडतात, आणि जे बाहेर पडले ते जुन्या वस्तूकडे लक्ष देत नाहीत. ऐकणारे कमी झाले असे म्हणून गेल्या काही वर्षांत देशातले अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद झाले. मोबाइलमध्ये एफ.एम. रेडिओची सोय असताना ती मारून ठेवण्याची चाल पडली, तेव्हा 2023 साली शासनाला कारखानदारांना सूचना द्यावी लागली, की ती चालू ठेवा, आपत्तीत तिची गरज असते. 1931 साली ओरड करायला यंत्रवाले व्यापारी तरी होते. आज साध्या रेडिओच्या वतीने कोण ओरडणार? ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे तो डोलीच्या जाळ्याशी झटत असतो, त्याला अर्ज लिहायला सवड नाही.

म्हणून इथल्या मच्छीमार संस्थांना आणि ग्रामपंचायतींना आमच्या दोन विनंत्या आहेत. नव्या यंत्राबरोबर प्रत्येक बोटीवर सेलांवरचा एक साधा रेडिओही असावा, आणि 1 जूनला बोटी किनाऱ्याला लागतात तेव्हा जाळ्यांबरोबर तोही तपासून घ्यावा. दुसरे, मुंबईच्या लहरी आपल्या किनाऱ्यावर आणि आत पाण्यात कुठवर स्वच्छ ऐकू येतात, याची वर्षातून एकदा तांडेलांकडून नोंद घेऊन ती आकाशवाणीला लेखी कळवावी. ऐकणारे आहेत, हे त्या कार्यालयाला कळण्याची दुसरी वाट नाही. आपल्या यंत्राला क्रमांक नाही.

अध्यक्षमहाशयांनी दिलेला वेळ संपला आहे. कोणाला काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.