‘अक्षौहिणी’ म्हणजे किती?



पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याचे महापे एके काळी भातशेतीचे गाव होते. आज ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांनी व कचेऱ्यांनी त्यास वेढले आहे. सकाळी तेथील रस्त्यावर माणसांची फौज लोटते. एखाद्या मजुराच्या मागून चार मुले चालताना दिसली की ‘पलटण निघाली’ असे कोणी सहज म्हणून जातो. गर्दी फारच दाटली तर एखाद्या वृद्धास अक्षौहिणी सेना आठवते. तिन्ही शब्द रणांगणावरचे, आणि बोलण्यात तिघांचाही अर्थ एकच उरला आहे : पुष्कळ. वर्गातही “अक्षौहिणी म्हणजे किती, गुरुजी?” या प्रश्नाची बोळवण पुष्कळदा त्याच शब्दाने होते. ते योग्य नव्हे. नैमिषारण्यातील ऋषींनीही हाच प्रश्न सूताला विचारला होता, आणि महाभारताच्या आदिपर्वात त्याचे उत्तर अंकांनी दिलेले आहे.

एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पाच पायदळ मिळून एक पत्ती होते. तीन पत्तींचे सेनामुख, तीन सेनामुखांचे गुल्म. पुढे गण, वाहिनी, पृतना, चमू व अनीकिनी ही प्रत्येक पायरी आधीच्या तिप्पट. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५०, एकूण २,१८,७००. तिनाचा पाढा येणारा विद्यार्थी पाटीवर ही चढण स्वतः चढू शकतो, आणि एकदा चढला की ती विसरत नाही. चारही आकड्यांतील अंकांची बेरीज १८ येते, हे त्यालाच शोधू द्यावे. मात्र या बेरजेत रथ व जनावरेही मिळवलेली आहेत. ती केवळ माणसांची संख्या नव्हे, हे सांगावयास विसरू नये. कौरवांच्या ११ व पांडवांच्या ७ अक्षौहिणी धरल्यास बेरीज ३९,३६,६०० होते. एवढे सैन्य एका मैदानावर मावले कसे, असे एखाद्या मुलाने विचारले तर तो प्रश्न उद्धटपणाचा मानू नये.

शब्दाची फोडही वर्गात उपयोगी पडेल. अक्ष म्हणजे रथाचा आस, त्यावरून रथ. ऊहिनी म्हणजे समुदाय. अ आणि ऊ यांच्या संधीने एरवी ओ होतो. त्या नियमाने ‘अक्षोहिणी’ व्हावयास हवे होते. परंतु येथे औ होतो, आणि या अपवादासाठी कात्यायनाने पाणिनीच्या सूत्रांवर स्वतंत्र वार्तिक लिहिले. तेव्हा वहीत ‘अक्षोहिणी’ लिहिणारे मूल निष्काळजी असतेच असे नाही. त्याने सामान्य नियम पाळलेला असतो. लाल रेघ ओढण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

‘पलटण’ नेमकी उलट दिशेने गेली. फ्रेंच भाषेत मूळ अर्थ लहानसा गोळा, त्यावरून माणसांचा लहान घोळका. इंग्रजीतून तो शब्द हिंदुस्थानात आला तो वाढतच. इंग्रजी प्लॅटून सुमारे तीस शिपायांची. आपली पलटण कित्येक शेकड्यांची. १७८४ साली महादजी शिंद्यांच्या चाकरीत आलेल्या द बॉइनने प्रथम उभारल्या त्या अशाच दोन कवायती पलटणी. पुढे शिपाई गेले, आणि घरातील पोरे पलटण झाली.

घरच्या माणसाने कौतुकाने म्हटले तर त्यात काही वावगे नाही. पण कामासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबाची पाच भावंडे प्रवेशासाठी शाळेच्या दारात उभी राहतात, आणि कोणी “ही कुणाची पलटण?” असे विचारतो, तेव्हा ती पाच न राहता नुसती ‘पुष्कळ’ होतात. थोरली बहीण तेवढे बरोबर ऐकते.

शाळेत रोज लागणारा ‘मस्टर’ हा शब्दही सैन्यातलाच. त्याचे लॅटिन मूळ ‘दाखविणे’ या अर्थाचे. यादीत नाव आहे तो शिपाई खरोखर आहे काय, हे पाहण्यासाठी त्यास अधिकाऱ्यासमोर उभे करीत, आणि नाव घेऊन एकेकास मोजीत.