घरच्या ताटासाठी एक एकर

मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीत, म्हणजे केवळ पावसावर विसंबणाऱ्या शेतीत, सोयाबीनचे क्षेत्र जसजसे वाढत गेले, तसतशी मूग, उडीद, मटकी, हुलगा ही घरच्या ताटातली पिके मागे हटली, आणि ज्या घरात वर्षाची डाळ शेतातूनच येत असे त्या घराला ती आठवडी बाजारातून विकत आणावी लागू लागली. सोयाबीन गिरणीत जाते, चुलीवर नाही; त्यामुळे पाऊस हुकला की अशा कुटुंबाचा पैसा आणि अन्न दोन्ही एकाच वेळी बुडतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हे दुखणे खेड्यापाड्यांत उघडे पडले.

त्याच सुमारास लातूर, धाराशिव परिसरात ‘एक एकर शेती’ची पद्धत रुजत होती. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात स्त्रियांच्या गटांबरोबर काम केलेल्या, प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने ती पुढे आणली. या पद्धतीत घरातील स्त्री कुटुंबाच्या जमिनीतला एकरभर, नाहीतर अर्धा एकर तुकडा स्वतःच्या निर्णयासाठी मागून घेते आणि त्यावर आधी घरापुरते अन्न पिकवते. कल्पना अगदी नवी म्हणता येत नाही. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 1991 साली मांडलेल्या चतुरंग शेतीत ‘सीताशेती’ हे एक अंग होते आणि त्याचाही गाभा स्त्रीच्या ताब्यातील, घरच्या बियाण्याची, रसायनांवाचून केलेली शेती हाच होता.

अशा एकराची मांडणी पाहिली की पेरणीमागचा विचार स्वयंपाकघरातून आलेला दिसतो. खरिपात मूग किंवा उडीद घेतला जातो, कारण तो दोन-अडीच महिन्यांत निघतो आणि त्याच रानात रब्बीची ज्वारी पेरता येते; शिवाय कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत साठवतात. मध्ये तुरीची इरवड असते. इरवड म्हणजे मुख्य पिकाच्या काही ओळींनंतर पेरलेली दुसऱ्या पिकाची ओळ. बांधाकडेने अंबाडी, कोपऱ्यात दोडका-कारल्याचे वेल, आणि एखाद-दोन वाफ्यांत मेथी, शेपू, चुका असे माळवे. खतासाठी जीवामृत वापरतात. दहा किलो शेण, तितकेच लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात कालवून ते मिश्रण सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळत दोन-तीन दिवस मुरवतात. ज्या घरात पिठल्यालाही बेसन मोजून घ्यावे लागते तेथे पिंपात दोन किलो ओतताना हात आखडतो, हे प्रशिक्षणवर्गांत सहसा कोणी बोलत नाही. जीवामृताने शेणखताची गरजही संपत नाही, कारण त्यातील अन्नद्रव्ये थोडी आणि भर जिवाणूंवर असतो.

या शेतीबद्दल भाबडेपणाने बोलून चालणार नाही. एका एकरावर कर्ज फिटत नाही, आणि खुरपणीपासून बियाणे राखण्यापर्यंतचे काम आधीच भरलेल्या दिवसात येऊन पडते, तेही बहुधा बाईच्याच. मागितलेला तुकडाही पुष्कळदा शिवारातला मुरमाड, दूरचा असतो. माळव्याला फाल्गुनानंतर पाणी पुरत नाही. मग न्हाणीचे सांडपाणी पोचेल तेवढीच दारची परसबाग उरते आणि शेवग्यासारख्या चिवट झाडावर भागवावे लागते. तरीही डाळ, ज्वारी आणि भाजी यांवरचा रोकड खर्च घटतो, आणि सावकाराकडे जाण्याची पाळी बऱ्याचदा अशा किरकोळ खर्चांतूनच येते.

खरी अडचण कागदाची आहे. पीककर्ज, पीकविमा आणि बहुतेक अनुदाने सातबारा उताऱ्याशी, म्हणजे जमिनीचा धारक व त्यावरील पिके नोंदवणाऱ्या सरकारी उताऱ्याशी बांधलेली असतात. शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ अभियान चालवून पुरुषांना जमीन पत्नीच्या नावे करायला लावले, पण एक एकराचा व्यवहार बहुतांशी तोंडी राहिला आहे, आणि पुढच्या मृगात थोरल्या मुलाने तिथे सोयाबीनच पेरायचे ठरवले तर त्या बाईच्या हाती दाखवायला काही नसते.