बाह्य संदर्भ-दोलक : स्थैर्याचा एक धडा
(विज्ञान मंडळाच्या हीरक महोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



हौशी रेडिओच्या ट्रान्सीव्हरमध्ये क्वार्ट्‌झचा लहानसा स्फटिक आंदोलने करीत असतो. यंत्राची वारंवारता त्याच्यावर ठरते. तापमान बदलले की ती सरकते. स्फटिक जुना होतो तशीही सरकते. १४ मेगाहर्ट्‌झवर दशलक्षात एक भाग चूक म्हणजे अवघे १४ हर्ट्‌झ. संभाषणात ती फारशी जाणवत नाही.

उच्च वारंवारतेवर मात्र हीच चूक भोवते. २०१८ साली प्रक्षेपित झालेल्या कतारच्या एसहेल-२ या भूस्थिर उपग्रहावरून हौशी रेडिओचे संदेश १०,४८९ मेगाहर्ट्‌झच्या आसपास येतात आणि ते भारतातही ऐकता येतात. तबकडीवरील एलएनबीत अनेकदा २५ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक असतो व त्याची वारंवारता ३९० पट केली जाते. उन्हाने तो केवळ २५ हर्ट्‌झ सरकला, तरी ९,७५० हर्ट्‌झचा फरक पडतो. संभाषणाची पट्टी जेमतेम २,७०० हर्ट्‌झ रुंद असते. बोलणारा बोलतच राहतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत काहीही पोहोचत नाही.

यावर उपाय बाह्य संदर्भ-दोलकाचा. स्थिर तापमानाच्या कुपीत ठेवलेला १० मेगाहर्ट्‌झचा स्फटिक जीपीएसशी जोडतात. त्या उपग्रहांवर आण्विक घड्याळे असतात. जीपीएस ग्राहक दर सेकंदाला एक स्पंद देतो. दोन स्पंदांमध्ये बरोबर एक कोटी आंदोलने भरली पाहिजेत. कमीअधिक भरली, तर नियंत्रक विद्युतदाब किंचित बदलून स्फटिक मार्गावर आणला जातो. या एकाच दोलकापासून एलएनबी व ट्रान्सीव्हर दोहोंना संदर्भ मिळाला, की दोन्ही एका मापाने चालतात.

यातील एक बारकावा शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा. प्रत्येक स्पंद काही नॅनोसेकंद पुढेमागे होतो. दर स्पंदागणिक दुरुस्ती केली, तर मूळचा शांत स्फटिकही डळमळू लागतो. म्हणून दीर्घ काळाची सरासरी पाहून सावकाश सुधारणा करतात.

परप्रांतातील आपल्या मराठी शाळेत मुलांच्या तोंडी आसपासच्या भाषांचे शब्द येणारच. प्रत्येक शब्दाला टोकले, तर मूल वर्गात मराठी बोलणेच सोडून देते. त्याच्या कानावर रोज चांगली मराठी पडावी, वाचनाची गोडी लागावी आणि सुधारणेला वर्षे द्यावीत. संदर्भ पक्का हवा. दुरुस्ती मात्र धीराने व्हावी.