हजेरीपट आणि संगणक

श्रोतेहो, शाळेत हजेरी घेताना गुरुजी काय करतात? पटावर नावे ४०, 'हजर' आले ३८. म्हणजे दोघे नाहीत. जो बोललाच नाही, तोही पटामुळे सापडतो. संगणकाच्या कामातही हेच शहाणपण कसे उपयोगी पडते, ते आज पाहू.

संगणकाने काय करायचे, ते पायरीपायरीने लिहिले की त्याला आज्ञावली म्हणतात. ती एका साधनाने तपासून भागत नाही. एक साधन ती चालवून उत्तर ताडून पाहते. दुसरे न चालवताच वाचते नि संशयाच्या जागा दाखवते. तिसरे, कोणत्या ओळींना तपासणीत हातच लागला नाही, ते मोजते. अशी पाच साधने आणि त्यांचे निकाल वाचणारी चार साधने धरा. प्रत्येकाची बोली निराळी असली, तर २० दुभाषे लागतील! एकच बोली ठरवली, तर ९ जोडण्यांत काम होतं.

तुम्ही म्हणाल, सगळे एकाच मोठ्या यंत्रात का बसवू नये? बसवता येते, पण मग एक भाग बदलायचा, तर सारे यंत्र उघडावे लागते.

१९८७ साली अमेरिकेत लॅरी वॉल यांनी 'पर्ल' ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. तिच्या चाचण्यांची बोली अगदी साधी होती. आधी '१ ते ४०' असा पट सांगायचा; मग दर चाचणीमागे एक ओळ, 'ओके' किंवा 'नॉट ओके'. चाचणी मध्येच बंद पडली, तरी बेरीज जुळत नाही नि चूक कळते. हीच बोली पुढे 'टॅप' या नावाने इतर भाषांतही गेली.

पण बरं का, पटावर नावच नसेल तर? ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान ५' रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आसपास नष्ट झाले. त्यात जुन्या 'एरियान ४'ची आज्ञावली होती. नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे देऊन ती तपासलीच नव्हती. तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

म्हणून तपासणीची व्यवस्था लवचिक हवी. शंका सुचली, की त्याच दिवशी नवी चाचणी जोडता आली पाहिजे. गुरुजी, जून उजाडला की आपण पटावर नवी नावे लिहितोच ना? तेवढी जागा इथेही मोकळी ठेवायची.