दोष दिसला, पण निरोप पोहोचला का?



दोष सापडणे ही अर्धीच गोष्ट झाली. तो ज्याने दुरुस्त करावयाचा, त्याच्या कानी जाणे ही उरलेली अर्धी. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जव्यवहारांची नोंद ठेवणारी कंपनी. तिच्या वापरातील अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील भगदाड मार्च २०१७ मध्ये जाहीर झाले. इशारा कंपनीत फिरलाही. परंतु पत्त्यांची यादी जुनी होती, आणि दुरुस्ती ज्यांच्या हाती होती त्यांना तो मिळालाच नाही. पुढे केलेल्या तपासणीतही ते भगदाड दिसले नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली.

म्हणून आता प्रोग्रॅम तपासणारे साधन कामकऱ्यांच्या चॅटशी जोडतात. दोष सापडताच निरोप आपोआप निघतो. मधली यंत्रणा त्याचे गांभीर्य पाहते, तो भाग कोणाकडे आहे ते शोधते आणि स्लॅकवर त्याच्याच गटात मजकूर टाकते. मात्र बारीकसारीक गोष्टींसाठीही घंटा वाजू लागली, तर तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आणि जबाबदारांची यादी जुनीच राहिली, तर यंत्रही जुन्याच पत्त्यावर जाईल. दवंडी यंत्र पिटील. 'हे काम माझे' असे म्हणणारा माणूस मात्र आपणच नेमला पाहिजे.