शेवळाबरोबर काकड

पावसाच्या पहिल्या सरी आल्या की कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. शेजारी हिरव्या काकडांचे वाटे. नवं गिऱ्हाईक नुसती जुडीच उचलतं आणि मग घसा धरून बसतं! शेवळ खाजरं. आतला पिवळा भाग काढायचा, आंबट काकडांच्या रसात शिजवायचं, तेव्हा ती खाज मरते. हे शास्त्र त्या बायांकडे आहे.

कल्याणच्या पुढे, कर्जत तालुक्यात कशेळे इथं अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं वनौषधी, रानभाज्या आणि भाताची जुनी वाणं यांवर काम केलं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानंही गावोगाव समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. रानभाज्यांचे महोत्सव भरतात, तेही चांगलंच.

पण मला एक धास्ती वाटते. शेवळ म्हणजे फुलोरा. जमिनीत कंद राहील, पण मागणी वाढली म्हणून एकूण एक फुलोरा खुडला तर बी धरायचं कुणी? आणि पावसाच्या तोंडाशी कणगी रिकामी असते, तेव्हा याच भाज्यांवर घर निभतं. सगळ्या जुड्या शहरात विकून बाई पोरांसाठी बटाटे नेऊ लागली, तर तो व्यवहार कुणाच्या फायद्याचा?

गुरुजी, आपल्या वर्गातल्या पोरांना आजीकडे धाडा. कोणतं शेवळ खुडायचं, कोणतं ठेवायचं, ते विचारून नोंदवहीत उतरवा. पुढं आजीचं नावही लिहा.